ऑस्मअँड : रेंज नसलेल्या धबधब्याच्या वाटेसाठी नकाशाचे ॲप

गाडीरस्ता संपल्यावर दोन-तीन तासांची पायपीट, मोबाईलला रेंज नाही, वाटेत दोन-चार ओढे आणि अंधार पडायच्या आत परत गाडीपाशी पोहोचायचे, अशा धबधब्याच्या एकदिवसीय सहलीचा आराखडा आखायला ‘ऑस्मअँड’ हे ॲप कितपत उपयोगी पडते, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे. शहरात गाडी चालवताना ते कसे वाटते, त्यातली बोलून दिशा सांगणारी सोय किती चांगली आहे, हे विषय मी येथे घेतलेले नाहीत. माझे मत आधीच सांगून टाकतो. आदल्या संध्याकाळी घरी बसून करायच्या कामासाठी याच्याइतके सखोल साधन मला फोनवर दुसरे मिळालेले नाही. प्रत्यक्ष घळीत शिरल्यावर मात्र त्याच्यावर जेवढा कमी भार टाकाल तेवढे बरे. याचे कारण ॲपच्या उणिवांत कमी आणि धबधब्याच्या स्वभावात जास्त आहे. शिखरावर जाणारी वाट सकाळी जशी असते तशीच बहुधा संध्याकाळीही असते. धबधब्याकडे जाणारी वाट पाण्याच्या मर्जीवर असते, आणि नकाशावर पाणी येत नाही, येते ती फक्त निळी रेघ.

ऑस्मअँड हे २०१० पासून विकसित होत असलेले मुक्त स्रोत, म्हणजे ज्याची संगणकीय आज्ञावली सर्वांना खुली आहे असे, ॲप असून त्यातला नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या प्रकल्पातून येतो. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू केलेला हा प्रकल्प जगभरच्या स्वयंसेवकांनी उभा केला आहे, आणि दुर्गम डोंगरात त्याचे बळ व त्याची मर्यादा दोन्ही येथूनच सुरू होतात. ज्या पायवाटेत व्यापारी नकाशांना काडीचाही रस नसतो ती येथे सापडते, कारण कोणीतरी ती हौसेने चालून, जीपीएसची नोंद घेऊन नकाशावर चढवलेली असते. पण तशीच दुसरी एखादी रेघ उपग्रहचित्र समोर ठेवून खुर्चीत बसल्या बसल्या काढलेली असते, आणि पडद्यावर दोन्ही रेघा सारख्याच दिसतात. दाट झाडीत शिरलेली वाट वरून दिसत नाही, तेव्हा तिचा पुढचा भाग अंदाजाने ओढलेला असण्याची शक्यता राहते. शिवाय माणसांची वाट आणि ढोरवाट यांतला फरक आकाशातून कळत नाही. ढोरवाट पाण्यापाशी किंवा चाऱ्यापाशी जाऊन विरते आणि तिला तुमच्या धबधब्याशी काही देणेघेणे नसते. म्हणून वाटेच्या रेघेवर बोट दाबून तिच्याविषयी काय नोंदवले आहे ते वाचण्याची सवय लावून घ्यावी. स्विस अल्पाइन क्लबने ठरवलेल्या सहा टप्प्यांच्या श्रेणीप्रमाणे वाटेची अवघडाई नोंदवण्याची पद्धत ओपनस्ट्रीटमॅपमध्ये रूढ आहे. पहिल्या श्रेणीतली वाट मळलेली व निर्धोक असते, तिसऱ्या श्रेणीत तोल सांभाळायला हात टेकावे लागू शकतात आणि पुढच्या श्रेणींत साध्या सहलीला आलेल्या माणसाचे काम नाही. वाट जमिनीवर कितपत स्पष्ट दिसते, याचीही वेगळी नोंद असते. मात्र अनेक ठिकाणी यांपैकी काहीच भरलेले नसते. नोंद नाही याचा अर्थ वाट सोपी आहे असा मुळीच घेऊ नये. तेथे अजून कोणी काही लिहिलेले नाही, एवढाच तो घ्यावा.

ॲपचा खरा कस लागतो तो समोच्च रेषांपाशी, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांपाशी. समोच्च रेषा, डोंगरउठावाची छाया आणि उताराच्या तीव्रतेनुसार बदलणारे रंग असे थर मूळ नकाशावर चढवता येतात. हे थर पैसे भरून घ्यायच्या भागात मोडतात आणि त्यांच्या फाइली नकाशापासून वेगळ्या उतरवाव्या लागतात. धबधब्यांसाठी ॲप घ्यायचे असेल तर यांच्याविना घेण्यात फारसा अर्थ नाही. हे थर चालू करून धबधब्याच्या ओढ्याची निळी रेघ पकडावी आणि पायथ्याकडून वर सरकत जावे. ओढा ओलांडताना प्रत्येक समोच्च रेषा एक टोक काढते आणि ते टोक उगमाच्या दिशेला असते; डोंगराच्या सोंडेवरून उतरताना तीच रेषा उलट, उताराच्या दिशेला टोक काढते. वर सरकता सरकता एके ठिकाणी चार-पाच रेषा एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या दिसतात. तो कडा, आणि ओढा त्याच कड्यावरून कोसळत असतो. नकाशावरचा धबधब्याचा ठिपका या दाटीपासून बराच लांब असेल तर ठिपक्यापेक्षा दाटीवर विश्वास ठेवावा, कारण ठिपका माणसाने टाकलेला असतो आणि तो थोडा इकडेतिकडे पडणे अगदी स्वाभाविक आहे. त्यानंतरचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: आपली वाट या दाटीच्या वरच्या अंगाला पोहोचते की खालच्या? वरच्या अंगाला पोहोचणारी वाट तुम्हाला कड्याच्या माथ्यावर नेते, जेथून धबधबा जवळपास दिसतच नाही आणि शेवाळलेल्या कातळाची कड मात्र पायाखाली असते. पाणी कोसळताना पाहायचे असेल तर खालून येणारी वाट हवी, किंवा समोरच्या सोंडेवरची एखादी जागा हवी. हे घरी पाहून घेतले नाही तर तीन तास चालून चुकीच्या टोकाला उभे राहण्याची पाळी येते.

या रेषांवरही डोळे मिटून भिस्त ठेवता येत नाही. जगभराच्या उंचीनोंदींचा एक मुख्य स्रोत म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांत केलेले रडार सर्वेक्षण. ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण अक्षांशांदरम्यानच्या भूभागाची त्यात मोजणी झाली आणि सुमारे ३० मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला उंचीचा एकच आकडा मिळाला. पंधरा-वीस मीटरांचा सरळसोट कडा अशा दोन चौकोनांच्या मध्ये येऊन नुसत्या तीव्र उतारासारखा दिसू लागतो, आणि घनदाट जंगलात तर रडारचा किरण जमिनीपर्यंत न पोहोचता झाडांच्या शेंड्यांवरूनच बराचसा परततो. त्यामुळे रेषांची दाटी दिसली तर कडा आहे असे खुशाल धरावे, पण दाटी दिसली नाही म्हणून कडा नाही असे धरून आडरानातून जवळची वाट काढायला जाऊ नये.

एवढे पाहून झाले की मार्ग आखण्याच्या साधनाकडे वळावे. नकाशावर एकामागून एक बिंदू टेकवत गेले की ॲप त्यांना पायवाटांवरून जोडत नेते आणि एकूण अंतर, एकूण चढण, एकूण उतार व उंचीचा आलेख दाखवते. आलेखावरून बोट फिरवले की नकाशावर त्या जागेची खूण सरकत जाते, ही बारीकशी सोय मला फार आवडते, कारण सर्वांत खडी चढण नेमकी कोणत्या वळणानंतर आहे आणि तेथे सावली असेल की उघडा माळ, हे तिच्यामुळे बसल्या जागी कळते. वेळेचा अंदाज ॲपही देते, पण मी तो स्वतःच मांडतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ साली सांगितलेला ठोकताळा आजही कामाला येतो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि चढणीच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. धबधबा गाडीतळापासून ६ किलोमीटरांवर आणि ५०० मीटर खाली आहे असे समजू. जाताना ७२ मिनिटे आणि येताना १२२ मिनिटे लागतील, असे हा ठोकताळा सांगतो. शिखराची चढाई आणि दरीतला धबधबा यांतला मोठा फरक येथे दिसतो, कारण शिखरावरून परतताना उतार असतो, तर अशा धबधब्यावरून परतताना दमलेल्या पायांना सगळी चढण काढावी लागते. शिवाय नाइस्मिथ यांचा हिशेब धडधाकट, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. बरोबर मुले किंवा नवखी मंडळी असतील, वाट निसरडी असेल, तर मी सरळ दीडपट धरतो. म्हणजे परतीला तीन तास झाले. सूर्यास्त साडेसहाला असेल आणि त्याच्या तासभर आधी गाडीपाशी पोहोचायचे असेल, तर दुपारी अडीचला धबधब्याकडे पाठ फिरवलीच पाहिजे, मग डोहापाशी पोहोचून पाच मिनिटे झालेली असोत किंवा अजून पोहोचायचेच असो. ही परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वी सगळ्यांसमोर ठरवून घ्यावी. धबधब्याचा आवाज कानावर पडू लागल्यावर ती ठरवायला बसले तर कोणी ऐकत नाही.

सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा ॲपच्या पडद्यावर ठेवता येतात आणि त्या पुरेशा अचूक असतात, पण त्या सपाट क्षितिजाच्या. खोल घळीत पश्चिमेकडची डोंगरधार उजेड कितीतरी आधी अडवते. त्यातून विषुववृत्ताच्या जवळपासच्या प्रदेशांत संधिप्रकाश थोडाच वेळ टिकतो, तेव्हा तेथे सूर्यास्तानंतरच्या उजेडावर मदार ठेवून बसणे मुळीच परवडत नाही.

आखलेला मार्ग जीपीएक्स फाइल (मार्गाचे बिंदू साठवणारी फाइल) म्हणून साठवता येतो आणि कोणालाही पाठवता येतो. घरी थांबणाऱ्या एका तरी माणसाकडे ही फाइल, निघण्याची वेळ आणि ‘अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर अमुक ठिकाणी कळवावे’ अशी स्पष्ट सूचना ठेवावी. त्या माणसाच्या फोनवर ॲप नसेल तर मार्गाचे पडद्यावरून टिपलेले चित्र आणि धबधब्याचे अक्षांश-रेखांश पाठवले तरी काम भागते.

नकाशे उतरवण्याबाबत दोनच गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. मोफत आवृत्तीत ७ नकाशे उतरवता येतात आणि एकदोन सहलींसाठी तेवढे पुरतात. दुसरी गोष्ट म्हणजे, घरातून निघण्यापूर्वी फोन विमान मोडवर टाकून ॲप पुन्हा उघडावे आणि गाडीतळापासून धबधब्यापर्यंतचा सगळा पट्टा बोटांनी मोठा करून पाहावा. रेषा, छाया, आखलेला मार्ग यांपैकी जे आत्ता दिसत नाही ते डोंगरातही दिसणार नाही.

डोंगरात गेल्यावर रेंज नसली तरी जीपीएस चालते, कारण फोन उपग्रहांकडून केवळ ऐकत असतो, त्यांना काही पाठवत नसतो. मात्र रेंजमध्ये असताना उपग्रहांच्या ठावठिकाण्याची माहिती फोनला इंटरनेटवरून चटकन मिळते. रेंज गेल्यावर तीच माहिती त्याला थेट उपग्रहाच्या संदेशातून गोळा करावी लागते. आपल्या कक्षेची माहिती प्रत्येक उपग्रह दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो आणि सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पुरी व्हायला साडेबारा मिनिटे लागतात. तेवढ्यात मध्ये झाड किंवा कडा आडवा आला की थांबणे वाढते. यासाठी गाडीतळावर, मोकळ्या आकाशाखाली ॲप उघडून आपला ठिपका स्थिरावू द्यावा आणि मार्गाची नोंद तेथूनच सुरू करावी. जातानाची ही नोंद हे या ॲपचे डोंगरातले सर्वांत मोलाचे काम आहे, असे मी म्हणेन. नकाशावरची रेघ दुसऱ्याने काढलेली असते, ही नोंद मात्र आपल्या पायांनी काढलेली असते, आणि धुक्यात किंवा झाडीत वाट मोडली तर तिच्यावरून मागे फिरणे सर्वांत सुरक्षित ठरते.

घळीत शिरल्यावर चित्र बदलते. मोकळ्या आकाशाखाली साधारण स्मार्टफोन पाचेक मीटरांच्या आत अचूक जागा दाखवतो. दोन्ही बाजूंना कातळभिंती आल्या की उपग्रहांचे संदेश त्या भिंतींवर आपटून, लांबच्या वाटेने फोनपर्यंत येतात आणि हिशेब बिघडतो. आपण ओढ्याच्या डाव्या काठाला उभे असताना ठिपका कधी उजव्या काठाला, कधी कड्याच्या मध्यावर दिसू लागतो. हा ॲपचा दोष नाही, कोणतेही ॲप उघडले तरी हेच होणार. अशा वेळी ठिपक्याच्या मागे लागून वाट बदलण्यापेक्षा पाणी कोणत्या हाताला आहे, चढ आहे की उतार, एवढे पाहून चालत राहावे. धबधब्याच्या अगदी जवळ तर फोन हाताळणेच अवघड होते. तुषारांनी पडदा ओला झाला की बोटाचा स्पर्श आणि थेंबाचा स्पर्श यांतला फरक त्याला कळेनासा होतो, नकाशा आपसूक मोठा-लहान होऊ लागतो, भलतीच यादी उघडते, आणि कोरडे करायला काढलेला रुमालही तोवर ओलाच झालेला असतो. त्यामुळे परतीच्या पहिल्या अर्ध्या तासाची वाट डोक्यात असावी आणि फोन बंद पिशवीत असावा.

बॅटरीचे गणित सोपे आहे. सर्वांत जास्त खर्च उजळलेल्या पडद्याचा, त्याखालोखाल नसलेली रेंज शोधत बसण्याचा. विमान मोड चालू आणि पडदा बंद ठेवूनही मार्गाची नोंद सुरू राहते, तेव्हा फोन तसाच ठेवावा आणि फाट्यावर किंवा शंका आली तरच बाहेर काढावा. थंड डोंगराळ प्रदेशात बॅटरी एरवीपेक्षा लवकर उतरते. तेथे फोन पाठपिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात न ठेवता अंगालगतच्या खिशात ठेवावा.

आता पाण्याकडे येतो, कारण या परीक्षणातला माझा मुख्य आक्षेप तेथे आहे. ॲपच्या दृष्टीने ओढा ओलांडणे ही काही घटनाच नाही. आखलेला मार्ग निळ्या रेघेला छेदून पुढे जातो, उंचीच्या आलेखात तेथे एक बारीकसा खळगा दिसतो आणि वेळेच्या अंदाजात कशाचीच भर पडत नाही. प्रत्यक्षात दिवस फसतो तो बहुतेक वेळा त्याच बिंदूवर. पूल असल्याची नोंद असेल तर ती दिसते, उथळ पाण्यातून ओढा ओलांडायची जागा कोणी नोंदवली असेल तर तीही दिसते, परंतु आज तेथे घोट्याएवढे पाणी आहे की कमरेएवढे, हे सांगणारी कोणतीच सोय नाही, आणि ती असावी अशी अपेक्षाही करता येणार नाही. अपेक्षा करता येईल ती एवढीच की आखलेल्या मार्गावर किती ओढे ओलांडावे लागतात आणि ते कोठे कोठे आहेत, याची यादी ॲपने आपणहून काढून द्यावी. ती मिळत नाही, म्हणून मी मार्गावर बोट फिरवत प्रत्येक छेदापाशी हाताने खूण टाकतो. वेळ जातो, पण त्या खुणा टाकताना प्रत्येक ओढ्याच्या वरच्या अंगाला किती मोठा पाणलोट आहे हे आपोआप पाहिले जाते. ओढ्याच्या दोन्ही बाजूंच्या डोंगरधारा उगमापर्यंत नजरेने जोडत गेले की पाणलोटाचा घेर उमगतो. लहान व खड्या पाणलोटाचा ओढा सर येताच फुगतो आणि सर थांबल्यावर लवकर ओसरतो. मोठ्या पाणलोटाच्या ओढ्याला पाणी उशिरा चढते, पण चढले की तासन्‌तास उतरत नाही. बर्फाच्या डोंगरांत आणखी एक भानगड असते. बर्फ वितळून येणारे पाणी दिवस तापेल तसे वाढत जाते, त्यामुळे सकाळी सहज ओलांडलेला ओढा दुपारनंतर परत येताना अडवू शकतो.

पाऊस आपल्या डोक्यावरच पडायला हवा असेही नाही. वरच्या खोऱ्यात सर कोसळली तर खाली लख्ख ऊन असतानाही लोंढा येऊ शकतो. ॲपमध्ये हवामानाचा थर आहे. पण जागतिक हवामान प्रारूपे, म्हणजे अंदाज काढणारी संगणकी गणिते, पृथ्वीचे जे चौकोन पाडतात ते कित्येक किलोमीटरांचे असतात, एका घळीवर कोसळणारी सर त्यांत मावत नाही. दिवस कसा असेल याचा कल पाहण्यापुरता तो थर बरा, ओढा ओलांडण्याचा निर्णय त्याच्यावर सोपवू नये. तो निर्णय डोळ्यांनी आणि कानांनी घ्यायचा असतो. पाणी गढूळ होऊ लागणे, काटक्या-पालापाचोळा वाहून येणे, आवाज घुमू लागणे, मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसणे, यांपैकी काहीही जाणवले तर डोहातून बाहेर पडून तडक उंचावर जावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या सूचनांनुसार वेगाने वाहणारे अवघे ६ इंच, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर, पाणीही प्रौढ माणसाला पाडू शकते; पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे लक्षात घेतले तर त्यात नवल वाटू नये. डोहाविषयीही नकाशा गप्पच असतो. धारेखालच्या पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असतात, असे फेसाळ पाणी माणसाला नेहमीसारखे उचलून धरत नाही, आणि कोसळणारी धार त्याला पुन्हा पुन्हा खाली ओढते. चांगले पोहता येणाऱ्यांचाही तेथे इलाज चालत नाही.

पर्यायांचा विचार करता, ज्यांना एवढ्या खोलात जायचे नाही त्यांनी ऑरगॅनिक मॅप्स पाहावे. मॅप्स.मी या ॲपपासून वेगळे होऊन २०२१ मध्ये आलेले हे ॲप त्याच ओपनस्ट्रीटमॅपवर चालते, रेंजविना चालते, समोच्च रेषा दाखवते आणि शिकायला पाच मिनिटेही लागत नाहीत. उताराचे रंग आणि नोंदींचा तपशील यांत ते मागे आहे. मळलेल्या, ठळक वाटेच्या धबधब्यासाठी मात्र ते पुरेसे आहे, आणि बरोबरच्या एखाद्या तरी सोबत्याच्या फोनवर ते उतरवून ठेवलेले असावे, म्हणजे एक फोन बुडाला तरी दुसरा नकाशा शिल्लक राहतो. गाडीरस्त्यांसाठी बनवलेल्या नकाशांचा उपयोग गाडीतळापर्यंतच करावा. ब्रिटनमधले सर्वांत उंच शिखर असलेल्या बेन नेव्हिसच्या बाबतीत २०२१ साली जॉन म्युअर ट्रस्ट आणि माउंटेनिअरिंग स्कॉटलंड या संस्थांना जाहीर इशारा द्यावा लागला होता, कारण गूगल मॅप्स सुचवत असलेली दिशा अत्यंत खड्या, खडकाळ आणि वाट नसलेल्या भागातून जात होती. १३४५ मीटर उंचीच्या, वर्षानुवर्षे हजारो लोकांनी तुडवलेल्या डोंगराची ही कथा, तर कोणाला ठाऊक नसलेल्या घळीचे काय सांगावे! कागदी नकाशाला मी अजूनही रजा दिलेली नाही. त्या प्रदेशाचा सरकारी भूमापन नकाशा मिळत असेल तर तो जरूर घ्यावा, कारण पाहणी करून काढलेल्या नकाशातल्या कड्यांच्या खुणा रडारने मोजलेल्या चौकोनांपेक्षा कितीतरी विश्वसनीय असतात. आणि पायथ्याच्या वस्तीत वाटेची चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण कोणता ओढा कधी अडवतो हे तेथल्या माणसांना पाठ असते.

ॲपची मांडणी नवख्याला दमवणारी आहे, हे नोंदवायलाच हवे. चालणे, सायकल, गाडी अशा प्रत्येक वापरासाठी वेगळी रचना, प्रत्येक रचनेत डझनावारी पर्याय, त्यांतले निम्मे कशासाठी आहेत हे नावावरून न कळणारे. यावर उपाय म्हणजे चालण्याची रचना निवडून समोच्च रेषा, उतार, वाटांची अवघडाई, सूर्यास्ताची वेळ आणि मार्गनोंद एवढेच चालू करावे व बाकीच्याकडे दुर्लक्ष करावे. तरीही पहिल्या सहलीच्या आदल्या रात्री ॲप पहिल्यांदा उघडणे बरे नव्हे. आठवडाभर आधी घराजवळच्या ओळखीच्या टेकडीवर एक फेरी मारून, रेषांचे चित्र आणि पायाखालची जमीन यांचा मेळ एकदा घालून पाहावा.

राहता राहिली एक सोय, जिच्याकडे फारसे कोणी वळत नाही. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भर घालण्यासाठी ॲपमध्येच एक जोड आहे. पूल वाहून गेला, वाट दरडीखाली गेली, धबधब्याचा ठिपका दुसऱ्याच ओढ्यावर आहे, असे काही आढळले तर त्या जागेवर बोट ठेवून टिपण लिहिता येते. रेंज नसताना लिहिलेले टिपण फोनमध्ये राहते आणि रेंज आल्यावर ते पाठवता येते. लिहिताना तारीख आणि त्या दिवशी पाणी किती होते हेही घालावे, कारण ‘वाट बंद आहे’ एवढ्यावरून ती कायमची बंद आहे की ओढा उतरेपर्यंतच, हे पुढच्याला कळत नाही.